खुर्द्याची बखर

पानिपताची बातमी नानासाहेब पेशव्यांपर्यंत पोचली ती एका सावकारी पत्रातून. दोन मोत्यं गळाली, सत्तावीस मोहरा हरपल्या, रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. शाळेत हे आम्हाला तोंडपाठ होतं. मोत्यं म्हणजे विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ, हे गुरुजी सांगायचे. मोहरा म्हणजे मोठे सरदार. खुर्दा म्हणजे कोण, हे त्यांनी सांगितलं नाही आणि वर्गातल्या कुणी विचारलंही नाही. आमच्यापैकी बहुतेकांचे पूर्वज त्या मैदानावर असलेच, तर ते खुर्द्यातच मोडले असणार. हे मला फार उशिरा सुचलं.

बारा वर्षांपूर्वी मी एक कादंबरी लिहायला घेतली. नाव पहिल्याच दिवशी ठरलं होतं, 'खुर्दा'. पण ती पानिपतावर नव्हती. दुसऱ्या महायुद्धाच्या जात्यात सापडलेल्या सान मारिनो नावाच्या चिमुकल्या प्रजासत्ताकावर ती होती, आणि बखरीच्या भाषेत लिहिलेली विनोदी ऐतिहासिक कादंबरी असं तिचं रूप मनात होतं. ती अजून पुरी झालेली नाही. मधली काही वर्षं तर मी ते बाड उघडलंही नाही.

सान मारिनो माझ्या डोक्यात शिरलं ते तात्यांमुळे. तात्या म्हणजे माझे चुलत आजोबा. मराठा पलटणीतून इटलीत लढून आलेले. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावात असे अनेकजण होते. ते लढाईविषयी बोलत नसत. बोलले तर पावसाविषयी, चिखलाविषयी आणि नद्यांविषयी. "एक नदी वलांडली की म्होरं दुसरी हायेच," असं म्हणून ते हाताने हवेत रेघा ओढायचे, एकीखाली एक. पुढे नकाशा पाहिला तेव्हा त्या रेघा कळल्या. इटलीच्या पाठीच्या कण्यासारखा आपेनाइन डोंगर, त्यातून निघून एड्रियाटिक समुद्राकडे धावणाऱ्या नद्या, आणि दर नदीमागे जर्मनांची नवी फळी. तात्या आणखी एक गोष्ट सांगायचे. लांबून एक डोंगर दिसायचा, त्याच्या माथ्यावर तीन बुरूज. "त्यो डोंगुर म्हंजी येगळा देश हाय, आसं सायेब म्हनला." त्यावर घरातले सगळे हसायचे. आमच्याकडे डोंगरावर बुरूज असले तर त्याला किल्ला म्हणतात, आणि किल्ला कुणाच्या तरी देशात असतो. किल्लाच देश, ही काय गंमत?

तो डोंगर सान मारिनोचा मोंते तितानोच होता, असं छातीठोकपणे म्हणायचा मोह मला फार वेळा झाला आहे. सान मारिनोची लढाई 1944 च्या सप्टेंबरात झाली ती चौथ्या भारतीय डिव्हिजनची. मराठ्यांच्या पलटणी तेव्हा आठव्या आणि दहाव्या डिव्हिजनमध्ये होत्या. दहावी डिव्हिजन ऑक्टोबरात त्याच बाजूला आली. तात्या नक्की कुठे होते हे सांगणारा एकही कागद घरात उरलेला नाही. म्हणून एवढंच म्हणतो की त्यांनी तीन बुरुजांचा एक डोंगर पाहिला, आणि मी तितानोपाशी पोचलो.

तितानो साडेसातशे मीटरच्या आतबाहेर. ग्वाइता, चेस्ता आणि मोंताले ही त्याच्या कड्यावरच्या तीन बुरुजांची नावं. पायथ्याची गावं धरून सगळा देश 61 चौरस किलोमीटर. आपल्या एखाद्या साध्या तालुक्यात असे दहा देश सहज बसतील. चारी बाजूंनी इटली. रिमिनीचा समुद्रकिनारा डोळ्यांना दिसतो, पण तो यांचा नाही. इसवी सन 301 मध्ये मारिनुस नावाच्या एका पाथरवटाने हे वसवलं अशी परंपरा आहे. हा माणूस समुद्रापलीकडच्या डाल्मेशियातला. ख्रिस्ती लोकांच्या छळापासून पळून इकडे आला आणि डोंगरावर राहिला. मरताना तो आपल्या माणसांना म्हणाला म्हणे, की मी तुम्हाला दोघांपासूनही मोकळं ठेवून जातो. हे दोघे म्हणजे सम्राट आणि पोप. देश पाथरवटाने स्थापन केला, ही गोष्ट ऐकल्याक्षणी मला आवडली. आमच्या गावच्या वेशीबाहेर वडारवस्ती होती. घणाखाली दगडाचा 'ठण्ण' असा आवाज होई, तो ऐकत मी वाढलो. त्या लोकांपैकी कुणी एखादा देश मागे ठेवून जाईल, अशी कल्पना आमच्या इतिहासाच्या पुस्तकात कुठेच नव्हती.

कादंबरीला विनोद कुठून मिळणार होता? सुरुवातीला मला वाटलं, सगळीकडून. या देशाला राष्ट्रप्रमुख दोन. त्यांना कॅप्टन रीजंट म्हणतात. दोघांचा अधिकार सारखा, मुदत फक्त सहा महिने. दर 1 एप्रिलला आणि 1 ऑक्टोबरला नवी जोडी. 1243 पासूनच्या नोंदी आहेत. मुदत संपली की पायउतार झालेल्या जोडीविरुद्ध नागरिक तक्रार करू शकतात आणि तिची रीतसर चौकशी होते. साठ जणांची सभा. कायद्याचं पुस्तक 1600 सालचं. आणि भोवताली टँक, बाँबफेकी विमानं, लाखालाखांच्या फौजा. या दोन मापांमधलं अंतर एवढं मोठं होतं की हसू आपोआप येणार, असं मी धरून चाललो.

त्यात 1940 चा प्रसंग तर हातात आयता आला. त्या सप्टेंबरात वर्तमानपत्रांत छापून आलं की सान मारिनोने ब्रिटनविरुद्ध युद्ध पुकारलं. तसं काही झालं नव्हतं. पुढे सान मारिनोच्या सरकारला ब्रिटिश सरकारकडे निरोप पाठवावा लागला की आम्ही तुमच्याशी युद्ध पुकारलेलं नाही. माझ्या कादंबरीचा नायक म्हणजे हा निरोप लिहिणारा कारकून. परराष्ट्र खात्यातला एकटा. बोरू झिजलेला, शाई पातळ झालेली. ते प्रकरण मी अकरा रात्रींत लिहून काढलं. "येणेप्रमाणे विलायतेस कळविले जे, आम्हांकडोन तुम्हांशी कलह मांडिला, ऐसी वदंता उठली आहे, ती सर्वथा खरी न मानावी, आमची फौज मोजिली असता पालखीस खांदा द्यावयास पुरेल इतकीच आहे." अशी त्याची भाषा. बखरीचा थाट आणि खात्यातली टंचाई एकमेकांवर घासून ठिणग्या उडत होत्या. लिहिताना मला स्वतःलाच मजा येत होती.

एका मित्राला मी प्रकरणं वाचून दाखवत असे. तो चांगला वाचक. दाद देताना मांडीवर थाप मारायची त्याची सवय. 1940 च्या प्रकरणाला त्याने मांडी लाल करून घेतली. त्याच ओघात मी पुढचं प्रकरण वाचायला घेतलं, बोगद्यांचं. तिथेही तो हसला. सुरुवातीला थोडा, मग मोठ्याने. एक म्हातारी बोगद्यात आपली कोंबडी टोपलीखाली झाकून ठेवते आणि ती कोंबडी रात्री ओरडते, असा प्रसंग होता. तो हसला आणि माझा आवाज बसला. मी वाचायचं थांबवलं. त्याला कळेना काय झालं. दोष त्याचा नव्हताच. पन्नास पानं मीच त्याला शिकवलं होतं की इथे जे काही लहान आहे ते हसण्यासारखं आहे. तो शिकवल्याप्रमाणे म्हातारीलाही हसला.

त्या रात्री बाड कपाटात गेलं.

बोगद्यांची हकिकत अशी. रिमिनीपासून सान मारिनोच्या शिखराजवळपर्यंत जाणारी विजेची छोटी रेल्वे 1932 मध्ये सुरू झाली होती. 32 किलोमीटरचा मार्ग, डोंगराला वेटोळे घालत चढणारा, वाटेत 17 बोगदे. 1944 च्या उन्हाळ्यात दोस्तांच्या फौजा इटलीत वर सरकत होत्या. रिमिनी आणि आजूबाजूची शहरं बाँबखाली होती. लोक चालत, हातगाड्या ढकलत, गुरं हाकत या तटस्थ डोंगराकडे आले. ज्यू आले, फॅसिस्टांपासून लपणारे आले, आणि बहुसंख्य आले ते फक्त जीव वाचवायला. देशाची स्वतःची वस्ती पंधरा हजारांच्या आसपास. आलेले लोक एक लाखाच्या घरात. घरं, गोठे, चर्चं, मठ भरले तेव्हा ही गर्दी रेल्वेच्या बोगद्यांत शिरली.

26 जून 1944 रोजी ब्रिटिश विमानांनी दिवसाढवळ्या सान मारिनोवर बाँब टाकले. इथे जर्मनांनी दारूगोळा साठवला आहे, असा त्यांचा समज होता. आमच्या हद्दीत कुणाचंही लष्करी ठाणं नाही, असं सान मारिनोच्या सरकारने त्यावर जाहीर केलं. त्या हल्ल्यात 63 माणसं मेली. रेल्वे उद्ध्वस्त झाली आणि ती नियमित अशी पुन्हा कधीच सुरू झाली नाही. गाडी बंद पडली, बोगदे राहिले. माणसांनी अंथरुणं आणखी आत ओढली.

खंडाळ्याच्या घाटात एकदा आमची गाडी बोगद्यात अडकली होती. अर्धा तास असेल. दिवे गेलेले. पहिली पाच मिनिटं लोक बोलत होते, कुणीतरी गाणं म्हटलं. मग बोलणं थांबलं. भिंतीतून पाझरणाऱ्या पाण्याचा आवाज येऊ लागला. एक लहान मूल रडायला लागलं, आणि बोगद्यात ते रडणं दोन्ही बाजूंनी परत येत होतं, एकाच मुलाची दहा मुलं होऊन. शेजारच्या बाईंनी पिशवीतून दशमी काढून अंधारात कुणाच्या तरी हातावर ठेवली, कुणाच्या ते त्यांनाही दिसत नव्हतं. मला हे आठवलं ते कपाटात बाड ठेवल्यानंतर बऱ्याच दिवसांनी. अर्ध्या तासाची ती धास्ती अंगातून जायला मला संध्याकाळ लागली होती. त्या लोकांनी आठवडेच्या आठवडे काढले. तिथे बाळंतपणं झाली असतील. तिथे म्हातारे गेले असतील. आणि मी तिथे एक विनोदी कोंबडी नेऊन सोडली होती.

यानंतर मी मूळ इतिहास परत पहिल्यापासून वाचायला बसलो, आता हसायची सामग्री न शोधता. आणि जे मला हास्यास्पद वाटलं होतं ते एकेक करून बदलत गेलं.

1739 च्या ऑक्टोबरात कार्डिनल आल्बेरोनी याने पोपच्या सत्तेच्या नावाने सान मारिनो बळकावलं. लोकांना चर्चमध्ये गोळा करून नव्या धन्याची शपथ घ्यायला लावली. तेव्हा भर चर्चमध्ये काहीजणांनी नाही म्हटलं. बाहेर सैनिक होते. पुढच्या फेब्रुवारीत, 5 तारखेला, संत आगाथेच्या दिवशी, खुद्द पोपलाच आपल्या कार्डिनलचं कृत्य मोडीत काढून देश परत द्यावा लागला. म्हणजे यांचं शस्त्र काय होतं? जुनी सनद, जुना कायदा, आणि 'हे आमच्या रीतीत बसत नाही' हे वाक्य. 1797 मध्ये नेपोलियनने आपला दूत म्हणून गास्पार मोंज या मोठ्या गणितज्ञाला पाठवलं. मैत्रीचा निरोप, तोफा आणि धान्य देऊ केलं, आणि हवी असेल तर आजूबाजूची जमीनही. तिथले मुत्सद्दी आन्तोनिओ ओनोफ्री यांच्या सल्ल्याने प्रजासत्ताकाने धान्याला हो म्हटलं आणि जमिनीला नम्रपणे नाही. शेजाऱ्याची जमीन आज घेतली तर उद्या शेजारी ती मागायला येईल, आणि तेव्हा नेपोलियन इथे नसेल, एवढं शहाणपण त्यांच्याकडे होतं. इटलीतली बाकीची कितीतरी प्रजासत्ताकं त्या वर्षांत बुडाली. हजार वर्षं समुद्रावर राज्य केलेलं व्हेनिस त्याच 1797 मध्ये संपलं. हा डोंगर राहिला. 1849 च्या जुलैअखेर इटलीच्या एकीकरणासाठी लढणारा गारिबाल्दी हरलेली फौज घेऊन, बरोबर आजारी बायको आनिता, ऑस्ट्रियन सैन्य पाठीवर, अशा अवस्थेत इथे आला तेव्हा या लोकांनी त्याला आसरा दिला. आणि 1861 मध्ये, अमेरिकेत यादवी पेटलेली असताना, अब्राहम लिंकन यांनी सान मारिनोचं मानद नागरिकत्व स्वीकारताना लिहिलं की तुमचं राज्य लहान असलं तरी साऱ्या इतिहासातल्या अत्यंत सन्मान्य राज्यांपैकी ते एक आहे. स्वतःचं प्रजासत्ताक टिकेल की नाही हे माहीत नसलेल्या माणसाने लिहिलेलं ते पत्र आहे. मी ते आधीही वाचलं होतं. तेव्हा मला त्यात शिष्टाचार दिसला होता.

सहा महिन्यांची मुदत, दोन प्रमुख, पायउतार झाल्यावर चौकशी, या साऱ्याला मी रिवाजाचं ओझं समजत होतो. पण ज्याच्याकडे फौज नाही त्याच्याकडे कागद असतो, तारीख असते, शिक्का असतो. ब्रिटनला निरोप लिहिणारा कारकून खरं तर भिंत बांधत होता. त्याच्यापुरता तो पाथरवटच.

पण इथे मला स्वतःला आवरावं लागलं, कारण उलट टोकाला जाऊन या देशाला देवघरात बसवणं सोपं होतं. लहान असणं म्हणजे निर्मळ असणं नव्हे. 1922 मध्ये सान मारिनोत स्वतःचा फॅसिस्ट पक्ष निघाला. जुल्यानो गोझी हा त्याचा म्होरक्या. 1923 पासून पुढची वीस वर्षं तिथे फॅसिस्टांचं राज्य होतं. विरोधकांना मारहाण झाली, देशोधडीला लावलं गेलं. ती छोटी रेल्वेसुद्धा मुसोलिनीच्या इटलीच्या पैशांतून आली. 25 जुलै 1943 ला रोममध्ये मुसोलिनी पडला आणि तीन दिवसांत, 28 जुलैला, डोंगरावरच्या फॅसिस्टांनाही सत्ता सोडावी लागली. पाथरवटाने 'दोघांपासून मोकळे' म्हणून सोडलेली माणसं तिसऱ्याच्या आहारी गेली होती.

या वीस वर्षांत माझ्या कादंबरीला तिचं खरं हसू सापडलं. 61 चौरस किलोमीटरमध्ये विश्वविजयी थाटात फिरणारे पुढारी, रोममधल्या बाल्कनीची नक्कल करणारी बाल्कनी, आणि ज्यांना एकमेकांचे आजेपणजे माहीत आहेत अशा लोकांसमोर घेतलेल्या लष्करी सलाम्या. ते मी मनापासून लिहिलं. तमाशाच्या वगातला सोंगाड्या राजाची खोड काढतो, प्रधानाची काढतो, पाटलाची काढतो. फडात बसलेल्या हमालाची तो थट्टा करतो तेव्हाही शेवटी हमाल जिंकतो. लहानपणी गावच्या जत्रेत मी हे शेकडो वेळा पाहिलं होतं, आणि लिहायला बसलो तेव्हा नेमकं तेच विसरलो होतो. मी पाटलाच्या ओट्यावर बसून हमालाला हसत होतो.

मग मला तात्यांच्या घराकडे नीट पाहावंसं वाटलं. ते इटलीत चिखल तुडवत होते, त्याच 1943-44 मध्ये आमच्या जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार चाललं होतं. गावोगावी न्यायदान मंडळं, सावकारांना आणि गुंडांना जरब, भूमिगतांसाठी रात्री-अपरात्री भाकऱ्या. शेजारीच औंध संस्थान. 72 गावांचं. तिथल्या राजाने, भवानराव पंतप्रतिनिधींनी, 1939 मध्ये गांधीजींच्या सल्ल्याने तयार झालेली राज्यघटना लागू करून कारभार प्रजेच्या हाती सोपवला होता. कुंडल हे गाव औंधच्या हद्दीत. इंग्रजी मुलखातल्या पोलिसाला तिथे सरळ घुसता येत नसे, म्हणून भूमिगतांना कुंडलचा मोठा आधार झाला. रेषा ओलांडली की जीव वाचतो, ही गोष्ट रिमिनीच्या शेतकऱ्याला जशी कळत होती तशीच वाळवा तालुक्यातल्या पोरालाही कळत होती. आमच्याच घरात एक भाऊ ब्रिटिशांच्या गणवेशात, आणि त्याची वहिनी ब्रिटिशांनी वॉरंट काढलेल्या पोरांसाठी भाकऱ्या थापतेय. तात्यांच्या मनीऑर्डरीच्या पैशांतून आलेल्या जोंधळ्याच्याच त्या भाकऱ्या असणार. आजीला मी एकदा विचारलं होतं, तुला हे विचित्र नाही वाटलं? ती म्हणाली, "पोरं भुकेली व्हती." एवढंच.

औंध प्रजासत्ताक नव्हतं आणि सान मारिनोला राजा नव्हता, हे मला कळतं. पण मोठ्यांच्या लढाईत मध्येच सापडलेल्या छोट्या हद्दीचं मोल मी आजीकडून शिकलो, पुस्तकातून नव्हे. कादंबरीतली म्हातारी तेव्हा बदलली. कोंबडी राहिली. आता ती बोगद्यात ओरडते तेव्हा म्हातारी तिला कापते, आणि कधी न पाहिलेल्या सात घरांतल्या पोरांना रस्सा वाढते. त्यातही एक हसण्याची जागा आहे. पण ते हसू म्हातारीच्या बाजूचं आहे.

सप्टेंबरचं प्रकरण मला सर्वांत जड गेलं. ऑगस्टच्या अखेरीस ब्रिटिशांच्या आठव्या आर्मीने गॉथिक लाइन नावाच्या जर्मन फळीवर चढाई केली. तटस्थतेला न जुमानता जर्मन सैन्य सान मारिनोच्या हद्दीत शिरलं आणि 17 ते 20 सप्टेंबर या चार दिवसांत लढाई तितानोच्या उतारांवर झाली. चढाई करणाऱ्यांत नवव्या गुरखा रायफल्सची पहिली पलटण होती. 18 सप्टेंबरच्या रात्री तिच्यातला शेर बहादुर थापा हा तरुण रायफलमन आपल्या सेक्शन कमांडरबरोबर एका मशीनगनवर धावून गेला. कमांडर जखमी झाला. हा ब्रेन गन, म्हणजे हलकी मशीनगन, घेऊन एकटाच उघड्या कड्यावर चढला आणि तिथे दोन तास टिकला. त्याच्या माऱ्याच्या आडोशाने मागच्या दोन कंपन्यांना माघार घेता आली. दारूगोळा संपत आला तेव्हा तो उघड्यावर पडलेल्या जखमींना आणायला गेला. एकाला आणलं. दुसऱ्याला आणताना मारला गेला. त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, ब्रिटिशांचा शौर्याचा सर्वोच्च सन्मान, मिळाला.

नेपाळच्या डोंगरातला मुलगा, ब्रिटनच्या राजाच्या नावाने, जर्मन सैन्याशी, कुणाशीच युद्ध नसलेल्या देशात लढत होता. हे वाक्य मी वीसेक वेळा लिहिलं आणि खोडलं, कारण दर वेळी त्यात चलाखी यायची. विनोदी कादंबरीत या जागेचं काय करायचं? मी केलं ते एवढंच की कारकुनाला तिथून बाजूला नेलं. तो बोगद्यात आहे. वर गोळीबार ऐकू येतो, कोण कुणावर झाडतंय ते कळत नाही. प्रकरण दीड पानाचं आहे. त्यात बखरीची भाषा नाही.

रिमिनीहून सान मारिनोला जाणाऱ्या बसमध्ये मी एकदा बसलो. त्या रस्त्यावरच गुरखा वॉर सिमेटरी आहे. मी आधी तिथे उतरलो. दुपार होती, दुसरं कुणी नव्हतं. सारख्या उंचीच्या पांढऱ्या शिळांच्या रांगा. सहाशेहून जास्त. त्यांतल्या कितीतरींवर देवनागरी अक्षरं. घरापासून हजारो मैलांवर, इटलीच्या उन्हात, आपल्या लिपीत देवाचं नाव कोरलेलं दिसलं आणि मला खाली बसावं लागलं. शेर बहादुर थापा याची शिळाही इथेच आहे. ज्यांचं दहन झालं त्या भारतीय सैनिकांची नावं वेगळ्या स्मारकावर कोरली आहेत. मी बराच वेळ नावं वाचत होतो. आमच्या गावचं एखादं आडनाव दिसतं का ते पाहत होतो, दिसू नये असंही वाटत होतं. इथे खुर्दा मोजलेला होता. एकेक करून, दगडावर. ज्या साम्राज्याविषयी माझ्या मनात माया नाही त्याने हे केलं होतं, आणि त्याबद्दल मला कृतज्ञता वाटली. ती मी लपवत नाही.

मराठा पलटणींच्या वाट्यालाही इटलीत असाच मान आला. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे यशवंत घाडगे 10 जुलै 1944 ला टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात पडले. सगळी तुकडी गारद झाल्यावर ते एकटे मशीनगनवर धावून गेले होते. संगमनेर तालुक्यातल्या निमज गावचे नामदेव जाधव 1945 च्या एप्रिलमध्ये सेनिओ नदीकाठी जखमी साथीदारांना पाठीवर घेऊन नदी ओलांडून परत आले, आणि जगले. दोघांना व्हिक्टोरिया क्रॉस. इटलीतल्या मोंतोने गावाने 2023 मध्ये घाडगे यांच्या स्मरणार्थ एक सूर्यघड्याळ उभारलं. आपण सारे एकाच सूर्याखाली, अशा अर्थाचं लॅटिन वाक्य त्यावर आहे. ही नावं आहेत. मोहरा म्हणा हवं तर. तात्यांचं नाव कुठेच नाही, कारण ते परत आले आणि त्यांनी काहीच सांगितलं नाही.

डोंगरावर पोचलो तेव्हा मावळत होतं. तिथे आता दुकानंच दुकानं आहेत, अत्तरं, पाकिटं, टपाल तिकिटं. तीही मला वाईट वाटली नाहीत, लोकांना पोट आहे. जुन्या स्टेशनच्या खालच्या बाजूला मोंताले नावाचा बोगदा आहे. तिथे ठेवलेला युद्धापूर्वीचा एक डबा दुरुस्त करून 2012 मध्ये थोड्याशा रुळांवर पुन्हा चालवला गेला. निळा-पांढरा रंग, देशाच्या झेंड्याचे रंग. बोगद्याच्या तोंडाशी गार हवेचा झोत आला. आत पाणी पाझरत होतं. खंडाळ्याचाच आवाज.

26 जूनच्या बाँबहल्ल्याबद्दल सान मारिनोने भरपाई मागितली. तो पत्रव्यवहार वर्षानुवर्षं चालला आणि 1961 मध्ये ब्रिटनने 80,000 पौंड दिले. सतरा वर्षं. माझ्या कादंबरीत तो पत्रव्यवहार तोच कारकून करतो. दर पत्राबरोबर त्याचे केस पांढरे होत जातात आणि अक्षर सुधारत जातं. हे प्रकरण मी पुन्हा बखरीच्या भाषेत लिहिलं आहे, पुन्हा हसायला येईल असं लिहिलं आहे. मित्राला ते वाचून दाखवलं. तो हसला, पण या वेळी मांडीवर थाप मारली नाही. एके ठिकाणी त्याने विचारलं, "ते त्रेसष्ट जण कोण होते, ते कुठे येतं का तुझ्या पुस्तकात?" तेव्हा येत नव्हतं. आता कारकून दर पत्राच्या शेवटी त्यांच्यातल्या एकेकाविषयी एक ओळ लिहितो. वरिष्ठ ती ओळ खोडतात. तो पुढच्या पत्रात दुसऱ्याविषयी लिहितो.

सध्या मी शेवटचं प्रकरण लिहितो आहे. ते 1961 मध्ये घडत नाही, मागे जातं. 1 एप्रिल 1944 ला पदावर आलेली जोडी, फ्रान्चेस्को बाल्सिमेल्ली आणि सान्झिओ वालेंतिनी. बाँब, लाखभर निर्वासित, जर्मन आणि ब्रिटिश सैन्य, सगळं त्यांच्याच सहा महिन्यांत आलं. 20 सप्टेंबरला लढाई संपली. मुदत 30 ला संपत होती. आणीबाणी आहे, आणखी सहा महिने थांबू, असं म्हणायला याहून चांगलं निमित्त कुठल्या राज्यकर्त्याला मिळालं असतं? 1 ऑक्टोबरला त्यांच्या जागी नवी जोडी आली, सातशे वर्षं येत होती तशी.

त्या सकाळी माझा कारकून बोगद्यातून बाहेर येतो. म्हातारी त्याच्या मागे आहे, रिकामी टोपली घेऊन. उजेडाने दोघांचे डोळे दिपतात. रुळांमधून गवत उगवायला लागलं आहे. तो झऱ्यावर सदऱ्याची कॉलर धुतो, ओलीच गळ्याभोवती बसवतो, आणि म्हातारीला म्हणतो की आज एक तारीख आहे, मला वर जायला हवं. ती विचारते, काय आहे वर? इथपर्यंत लिहून झालं आहे.